वेळापत्रकाचं सगळ्यात अवघड कोडं

चार खाती आणि पाच माणसं, एवढाच काय तो ग्रुप. पण सकाळी उठल्यापासून तिथे जो उच्छाद चालायचा त्याला तोड नव्हती. नावच मुळी 'डोक्याला ताप'. सुरुवात केली ती गणिताच्या एका निवृत्त मास्तरांनी. त्यांनी गावातल्या वाचनालयाच्या फळ्यावर चिठ्ठी लावली होती, की ज्यांना कोडं सुटल्याशिवाय घास गिळत नाही त्यांनी खालच्या नंबरवर कळवावं. तीन ठिकाणांहून उत्तर आलं. एक, बेकरी चालवणाऱ्या जुळ्या बहिणी, ज्या दोघींत मिळून एकच फोन वापरायच्या आणि त्यावरून दिवसभर भांडायच्या. दुसरा, बस डेपोत गाड्यांच्या वेळा लावणारा एक गृहस्थ. आणि तिसरी ही आपली बाई, दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवणारी. मास्तरांनी सगळ्यांची बारशी केली: जुळ्या, वेळापत्रक आणि दातवाली. स्वतःचं नाव मात्र मास्तरच ठेवलं, कारण चाळीस वर्षांची सवय काही सुटत नव्हती.

मास्तर म्हटले की नियम आलेच. फोटो नाही, खरं नाव नाही, बाजूला घेऊन खासगीत बोलणं तर अजिबात नाही, कारण तिथूनच फितुरी सुरू होते. ग्रुपवर सरळ बोलायचं नाही. कुणी चुकून सरळ वाक्य लिहिलं की तो त्या दिवसापुरता मुका. आणि सगळ्यांत कडक नियम हा, की उत्तर कधीही उघड करायचं नाही. ज्याला सुटलं त्याने 'सुटलं' म्हणायचं आणि पुरावा म्हणून त्याच उत्तराचं दुसरं कोडं घालायचं.

म्हणजे बघा, मास्तरांनी घातलं: 'तीन अक्षरी. पहिलं गेलं तर माणसं उरतात, मधलं गेलं तर झाडं उरतात, आणि अख्खं असलं की काट्यावर चढायची भीती वाटते.' पाच मिनिटांत जुळ्या: 'सुटलं! आमच्या दुकानातून सगळे घेऊन जातात, पण पिशवीतून नाही, अंगावरून.' आता यावर 'वजन, वजन!' असं ओरडायची सोय नाही. नुसतं हसायचं आणि कामाला लागायचं.

मधल्या वेळात गणिताचे विनोद. तेही असे, की ऐकणाऱ्याने कपाळावर हात मारावा. 'अंशाला झोप का लागत नाही? खालच्या मजल्यावर छेद राहतो.' 'वर्तुळातला पाय हा मनुष्य कसा आहे? एकदा बोलायला लागला की थांबत नाही, पण तेच ते कधी बोलत नाही.' मास्तर अशा विनोदाला दहापैकी गुण द्यायचे आणि सहाच्या वर कधी जायचे नाहीत. एकदाच त्यांनी नऊ दिले. वेळापत्रकाने विचारलं होतं, समांतर रेषांचं लग्न का जमत नाही? स्वभाव एकदम जुळतात, पण भेट म्हणून होत नाही. त्या दिवशी दातवाली लॅबमध्ये इतकी हसली, की हातातलं मेण टेबलावर सांडलं. घरी जाताना मात्र तिला त्या रेषांचं वाईट वाटलं.

आता लपवून काय उपयोग? वेळापत्रक तिला आवडायचा. चेहरा माहीत नाही, नाव माहीत नाही, उंच की बुटका, काही पत्ता नाही. पण सकाळी त्याचं कोडं आलं नाही तर बाईंना चहा गोड लागत नसे. दोन वर्षं हे असं चाललं होतं. वय चव्वेचाळीस, हुशारी पंचक्रोशीत गाजेल एवढी, आणि या एका बाबतीत नुसतं भजं.

तिची एकदा फजितीही झाली होती. वेळापत्रकाने एका सकाळी लिहिलं, 'आज माझ्या म्हातारीचं पोट चिरलं. आत लाल खडे निघाले. मोजता मोजता हात रंगले.' झालं! दातवाली तिथल्या तिथे रडवेली. नियम गेला खड्ड्यात म्हणत तिने लिहिलं, 'आईंची काळजी घ्या, काही लागलं तर सांगा, मी येते.' उत्तर होतं डाळिंब. मास्तरांनी तिला दिवसभरासाठी मुकं केलं, आणि जुळ्यांनी महिनाभर 'आईंची तब्येत कशी आहे?' म्हणून छळलं. ती अशी चिडली की चार दिवस फिरकली नाही. त्या चार दिवसांत वेळापत्रकाने चार कोडी घातली, आणि चारही कोड्यांचं उत्तर एकच होतं: माफी. पाचव्या दिवशी ती परत आली, पण मनाशी गाठ मारून. या माणसाचा एकही शब्द वरवर घ्यायचा नाही.

आणि मग तो शुक्रवार उजाडला. वेळापत्रकाने लिहिलं:

'रविवारी दुपारी चार वाजता मी वाचनालयाच्या पायऱ्यांवर बसलेला असेन. निळा शर्ट. दातवाली, तुम्ही याल का? नुसतं भेटायला. नाही आलात तर समजून घेईन, पुन्हा विचारणार नाही.'

तुम्हाआम्हाला काय कळायचं ते कळलं. पण 'डोक्याला ताप'मध्ये एकच धमाल उडाली! मास्तरांनी तीन उद्गारचिन्हं टाकली, जी त्यांनी निवृत्तीच्या दिवशीही टाकली नव्हती. जुळ्यांनी लिहिलं, 'आजवरचं सगळ्यात अवघड! कुठेच फट नाही!' वेळापत्रक गप्प. कोडं घातल्यावर तो नेहमीच गप्प बसायचा, त्यामुळे कुणालाही शंका आली नाही.

दातवालीने वाचलं तेव्हा काळजात एकदा लक्कन हललं, नाही असं नाही. पण तिने स्वतःला लगेच दटावलं. म्हातारीचं पोट आठव, डाळिंब आठव. ती कागद-पेन्सिल घेऊन बसली. निळा म्हणजे आभाळ. पायऱ्या म्हणजे शिडी. दात म्हणजे करवत, कंगवा, चक्र. चार वाजता, म्हणजे दोन काट्यांमधला कोन एकशेवीस अंश. आभाळाला लावलेली दातांची शिडी, एकशेवीस अंशात? शनिवारी लॅबमध्येही डोक्यात तेच. एका काकांच्या कवळीत तिने उजवे दात डावीकडे आणि डावे उजवीकडे बसवले. मालकांनी कवळी उजेडात धरली आणि म्हणाले, "बाई, हे काका हसले तर आरशातून हसल्यासारखे दिसतील." तिने मेण तापवून सगळे दात उपटले आणि पुन्हा बसवले.

त्यात संध्याकाळी मास्तर आले: 'सुटलं! जिथे हजार जण रांगेत उभे आहेत, सगळ्यांना काहीतरी सांगायचंय, पण खोकणाऱ्याकडे डोळे वटारून बघतात.' पाठोपाठ जुळ्या: 'सुटलं! आमच्याकडून नेलेलं संपवायचं, तिथून नेलेलं परत द्यायचं.'

दोन्ही कोडी दातवालीने चुटकीसरशी सोडवली. वाचनालय. मग ती खुर्चीत मागे टेकली आणि म्हणाली, छे! वाचनालय हा शब्द तर प्रश्नातच लिहिलाय. स्वतःच्याच प्रश्नात उत्तर लिहून ठेवण्याइतका वेळापत्रक कच्चा आहे का? हे तिघंही घसरलेत. खरं उत्तर आत कुठेतरी आहे आणि ते मीच काढणार. त्याला दाखवून देणार. दाखवून काय द्यायचं होतं ते तिचं तिला ठाऊक.

रविवारी जेवण झाल्यावर ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. भाऊ आत घोरत होता, वहिनी समोर वाटाणे सोलत होती. अकरा कागद भरले होते. बारावा भरता भरता पेन्सिलीचं टोक मोडलं, तेव्हा वहिनीला राहवलं नाही.

"अगं, काय चाललंय दोन दिवस? जेवणात लक्ष नाही, बोलण्यात लक्ष नाही. बघू तरी."

तिने फोन ओढून घेतला आणि वाचलं. हातातली शेंग खाली ठेवून पुन्हा वाचलं.

"हा माणूस तुला भेटायला बोलावतोय."

"वहिनी, तुला नाही कळायचं ते. हे नुसतं वरचं आहे. आत वेगळंच असतं."

"आत काय आहे?"

"तेच तर शोधतेय!"

"आणि आत काहीच नसलं तर?"

दातवालीने मोडकी पेन्सिल कानामागे खोचली. दोन वर्षांत हा प्रश्न तिला एकदाही पडला नव्हता.

"निळा शर्ट घालून बसतो म्हणतोय," वहिनीचा आवाज चढत चालला, "नुसतं भेटायला म्हणतोय. पुन्हा विचारणार नाही म्हणतोय! अगं बये, आणखी काय ढोल वाजवत यायला हवं होतं त्याने? घड्याळ बघ!"

चार वाजून पाच मिनिटं झाली होती.

त्यानंतर त्या घरात जे झालं त्याला पळापळ हा शब्द फार सौम्य आहे. खुर्ची पडली, वाटाणे घरभर झाले, भाऊ "आग लागली का?" म्हणत उठून आला, आणि वहिनीने दारातून चपला रस्त्यावर फेकल्या, कारण ही अनवाणीच निघाली होती. कोपऱ्यावरच्या थांब्यावर ती धापा टाकत पोचली. खांबावर बसच्या वेळांचा तक्ता होता. पुढची बस चार तीसला. हा तक्ता कुणी केलाय हे लक्षात आलं, आणि बाईंनी त्या माणसाला भर रस्त्यात मनसोक्त शिव्या घातल्या. मग पदर खोचला आणि पळत सुटली.

पळता पळता तिला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, दोन्ही एकदम. गेला असेल. नक्की गेला असेल. बसच्या वेळा लावणारा माणूस, तो मिनिटाला मिनीट चालणार. आपणच पेन्सिल चावत बसलो, मूर्खासारखे, आणि तो तिकडे पायरीवर बसून रस्त्याकडे बघतोय. पुन्हा विचारणार नाही, असं लिहिलंय त्याने, आणि तो शब्दाचा पक्का आहे. चार मिनिटं पळायची, दोन मिनिटं चालायची, पुन्हा पळायची. वाचनालय दिसलं तेव्हा चार पंचवीस झाले होते.

तो होता! निळा शर्ट, कडक इस्त्री, चष्मा, कानांच्या पाळ्या लालबुंद. पण एकटा नव्हता. एका बाजूला एक म्हातारे गृहस्थ त्याचं कोपर घट्ट धरून उभे होते आणि दुसऱ्या हाताने कागदांचा गठ्ठा त्याच्या नाकासमोर नाचवत होते. दुसऱ्या बाजूला एकसारख्या दोन बायका, मध्ये एक खोका, आणि दोघी एकाच वेळी बोलत होत्या.

"पान सात बघा, पान सात!" म्हातारे ओरडत होते. "रविवार एक, वेळ चार. पायऱ्या किती? मी काल स्वतः इथे येऊन मोजल्या. तेरा! तेरा चोक बावन्न. बावन्न नंबरच्या कपाटात काय? प्रवासाची पुस्तकं! म्हणजे उत्तर वाचनालय! बरोबर की नाही, एवढं सांगा आणि मग खुशाल जा!"

"मास्तर, निळा शर्ट म्हणजे पुस्तकाचं कव्हर," एक जुळी म्हणाली.

"ते मी शोधलं," दुसरी म्हणाली.

"अहो, मला जाऊ द्या," निळा शर्ट काकुळतीला आला होता. "मी सव्वाचारपर्यंतच थांबणार होतो."

"दहा मिनिटं झाली, हेच म्हणताय! बरोबर की चूक?"

दातवाली खालच्या पायरीशी उभी राहिली. केस सुटलेले, श्वास लागलेला, कानामागे मोडकी पेन्सिल. त्या तिघांनी दोन दिवस डोकी फोडून, गुणाकार करून, पायऱ्या मोजून तेच शोधून काढलं होतं जे पहिल्या ओळीत लिहिलं होतं. आणि हे उत्तर तपासून घेतल्याशिवाय हलायचे नाहीत म्हणून तो अजून इथे अडकला होता. त्या वेड्या म्हाताऱ्याच्या पाया पडावं असं तिला वाटलं.

मास्तरांचं लक्ष पेन्सिलीकडे गेलं. "दातवाली?" ते म्हणाले. "या, या! पंचवीस मिनिटं उशीर झालाय, पण असू दे. सुटलं का तुम्हाला?"

चौघंही तिच्याकडे बघायला लागले. निळ्या शर्टाने कोपर सोडवून घेतलं, पण जागचा हलला नाही. तो चष्म्यातून तिच्याकडे असा बघत होता, की तिला पळत आल्याचा शीणच वाटेना.

"नाही," ती म्हणाली. "मला काहीच सुटलं नाही. मी नुसती भेटायला आले."

जुळ्या तोंडावर हात ठेवून एकमेकींकडे बघायला लागल्या. मास्तरांनी कागद खाली घेतले, पहिलं पान काढलं, आणि वेळापत्रकाने शुक्रवारी लिहिलेलं वाक्य ओठ हलवत पुन्हा एकदा वाचलं.

वेळापत्रक दोन पायऱ्या खाली उतरला.

"मी एवढंच विचारलं होतं," तो म्हणाला.