खापर निघालं बंगळुरूला

पहिलं खापर बंगळुरूला पोचलं ते तुकड्या-तुकड्यांनी. आत ठेवलेले डिंकाचे लाडू मात्र ठणठणीत होते. लेकीने, नूतनने, दोन्हींचा फोटो पाठवला. उखर्डूभाऊंनी तो मोठा करून पाहिला. बायकोच्या लाडवांविषयी लग्नापासून मनात असलेला संशय खरा ठरला, पण हे ते बेबाबाईंना बोलले नाहीत.

बोलण्यासारखी वेळही नव्हती. लेकीने आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मजल्यावरची सगळी बिऱ्हाडं मांडे खायला बोलावली होती. मांडे म्हणजे हातांवर फिरवून टॉवेलएवढी केलेली पुरणपोळी. ती भाजायला पालथं मातीचं खापरच लागतं आणि बंगळुरूत ते मिळेना. तव्यावर केली तर ती नुसती पुरणपोळी होते, आणि तेवढ्यासाठी खान्देशातलं माणूस मजला गोळा करत नाही.

दुसरं खापर घेऊन दोघं मुक्ताईनगरात मनन जैनच्या पार्सल ऑफिसात गेले.

"नाना, लाडवांनी रस्ताभर आतून मारा केला," मनन म्हणाला. "या वेळी रिकामं पाठवा."

"लेकीले रिकामं भांडं?" बेबाबाईंनी विचारलं. "तुह्या बायकोच्या माहेरून येतं का रे रिकामं?"

मननच्या बायकोचं माहेर पारोळ्याचं. तिथून काय काय येतं हे आठवून तो खोक्याची लांबी-रुंदी-उंची मोजू लागला. खापर हलकं, पण कॉम्प्युटरने भाडं भारी सांगितलं.

"आत तर हवाच आहे," उखर्डूभाऊ म्हणाले.

"हवेनं जागा अडवली ना, नाना. गाडीत तिथं दुसरं कोणी बसू शकत नाही."

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या उखर्डूभाऊंना हे तत्काळ पटलं.

"भाडं देतोच आहे, तर भरू काहीतरी," बेबाबाई म्हणाल्या. "पापड?"

"चुरा होईल, अक्का."

"शेंगदाने?"

"खडखडतील. हलवल्यावर आवाज आला की मी पार्सल घेत नाही."

"मंग वरवंटा दे बांधून. तो काही फुटायचा नाही."

मननने डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात उखर्डूभाऊ उठले, मोटरसायकलला किक मारून घरी गेले आणि गोणीभर कापूस घेऊन आले. भाव वाढेल म्हणून तो दिवाळीपासून मधल्या खोलीत मुक्कामाला होता. पाहुणे आले की त्याच्यावरच झोपत.

"चालंल का?" त्यांनी विचारलं. मननला नव्हे, बायकोला.

बेबाबाईंनी विचार केला. "घरचाच आहे. वाती होतील तिले. चालंल."

तिघांनी कापूस खापरात ठासून भरला, मग भोवती. ते खोकं आणखी मोठ्या खोक्यात, मधे पुन्हा कापूस. मननने कान लावून पार्सल हलवलं. आतून काही वाजलं नाही. बाहेरून बेबाबाई तेवढ्या वाजल्या, "हळू, बाप्पा, हळू."

पार्सल बंगळुरूला जायचं म्हणून आधी नागपूरला गेलं. फोनवर त्याचा माग काढता काढता उखर्डूभाऊंच्या लक्षात आलं की आपल्या घरात सर्वांत जास्त देश या खापराने पाहिला.

आखाजीला नूतनने व्हिडिओ कॉल लावला. शेगडीवर खापर पालथं, अख्खं. फोन धरायला शेजारच्या कानडी आजी. पहिला मांडा हातावरच फाटला. दुसरा खापरावर पडताना दुमडला. आजींच्या मागे मजला ताटं घेऊन उभा.

"कोपरं वर घे, नूतन," बेबाबाई सांगत होत्या. "खाली नको पाहू. घाबरली का फाटलाच."

तिसरा मांडा फिरत फिरत मोठा झाला, इतका की त्यातून नूतनचा कुडता दिसायला लागला. तो खापरावर पसरला तेव्हा दोन्ही राज्यांतल्या माना पुढे झाल्या. मग कडेने तांबूस डाग आले. नूतनने घडी घालून तो देवापुढे ठेवला. चौथा आजींच्या ताटात पडला. आजींनी घास घेतला आणि फोन छताकडे गेला. छताखालून कानडीत बरंच काही ऐकू आलं.

"काय म्हनतात?" बेबाबाईंनी विचारलं.

"अजून एक म्हणतात, आई."

"मंग उभी काय राहिली? गोळा घे."