पोकळ झाडाचं बिऱ्हाड

कुऱ्हाडीचा उलटा दणका बुंध्याला द्यायचा आणि कान लावायचा, ही त्या टोळीची रीत. टणक आवाज आला तर झाड राहिलं, ढब्ब आला तर करवत. पोकळ झाडं काढली की धडधाकट झाडांना ऊन मिळेल, रान निरोगी होईल, असा वरचा हुकूम होता. करवतवाल्यालाही त्यात पुण्यच वाटे. किडका दात उपटावा तसं.

त्या सकाळी एक थोराड झाड ढब्ब वाजलं. उताराच्या बाजूने करवतवाल्याने कलिंगडाची फाक काढावी तशी खाच काढली, मग मागून करवत घातली. खोड निम्मं कापलं गेलं. साखळी तापली म्हणून त्याने इंजिन बंद केलं, घाम पुसायला मान वर केली, आणि त्याचा हात कपाळावरच राहिला.

वर खोडाला एक धनेश बिलगून बसला होता. चोचीत पिकलेलं फळ. ढोलीचं तोंड चिखलाने लिंपलेलं, मधे बोटभर फट. त्या फटीतून दुसरी चोच बाहेर आली, अलगद फळ घेऊन आत गेली.

"काय दाजी, पेट्रोल संपलं की अवसान?" मुकादम ओरडला. हा करवतवाल्याच्या बायकोचा थोरला भाऊ. जिभेला हाड नाही, पण काळजाने मऊ.

"दादा, आत बाळंतीण आहे."

मुकादमाने वर पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. धनेशाची मादी स्वतःला ढोलीत कोंडून घेते, पिल्लू वाढेपर्यंत नराच्या चोचीवर जगते, हे तिथे सगळ्यांना ठाऊक. पण सगळ्यांचे कान बुंध्याला. डोळे वर न्यायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

"पाडा," तो हळूच म्हणाला. "अर्धं कापलेलं झाड उभं सोडता येत नाही."

"आतली दोघं जातील."

"आणि उभं ठेवून आपल्यातला कुणी गेला तर? बहिणीला काय तोंड दाखवू? पक्ष्याचं घर वाचवलं, तुझं मोडलं, असं सांगू?"

"भांडा, भांडा," ट्रॅक्टरवरून टोळीची मावशी म्हणाली. झाड ओढायचा पोलादी दोर तिच्या हाती असे. "तोवर झाड मुहूर्त बघतंय."

खोडातून कर्र आवाज आला.

करवतवाल्याने जमिनीवरची कापलेली फाक उचलली. "ही परत खाचेत ठोकतो. झाड पाडायला खोडाला बांधलेला दोर उताराकडून सोडवून मागे ट्रॅक्टरला लावा, मावशी ताणून धरेल."

"दोर मागे येईपर्यंत झाडाला धरणार कोण?"

"ज्याने आतापर्यंत धरलंय तोच."

"देव पाचर ठोकायला येत नाही, दाजी!"

"म्हणून तर मी जातोय."

तो खाचेसमोर गुडघ्यांवर बसला. सबंध झाडाचा भार आता त्याच्या दिशेला. फाक ओली, निसरडी; पहिल्या घावाला उडून बाहेर आली. वरून पानांची सळसळ उतरली, वारा आला होता. मुकादम दोर ओढत धावत होता आणि तोंडाने मेव्हण्याला शिव्या देत होता. त्या शिव्यांत मधेमधे देवाचं नाव येत होतं. खोड पुन्हा करकरलं. खाच मिटू लागली. करवतवाल्याने फाक छातीने रेटली, वरून घण घातला. एक, दोन. बसली!

"मावशी, ओढ!"

दोर ताठ झाला. झाड हुंकारलं आणि थांबलं.

मुकादमाने त्याला गचांडी धरून बाहेर ओढलं. थोबाडीत मारायला उचललेला हात खांद्यावर टेकवून तो मटकन खाली बसला.

पण नर कुठे होता? गोंगाटाने पार उडाला होता. ट्रॅक्टरचं इंजिन बंद करून, दोर सैल पडू नये म्हणून त्याचा खटका लावून तिघं दूर जाऊन बसली. फटीतली चोच बाहेर यायची, उघडायची, रिकामीच आत जायची.

"तो नाही आला तर सगळं फुकट," मुकादम पुटपुटला.

करवतवाला समोरच्या उताराकडे बघत होता. तिथली कितीतरी झाडं अशाच कुणाच्या चोचीतून पडलेल्या बियांची. धनेशाला ढोली नाही तर पिल्लू नाही; पिल्लू नाही तर फळं जागच्या जागी कुजणार, रानाची पेरणीच थांबणार. आणि आपण रान बरं करायला निघालो होतो!

पंखांचा घरघराट आला. धनेश शेजारच्या फांदीवर उतरला. मान वाकडी करून त्याने दोराकडे पाहिलं, माणसांकडे पाहिलं. मावशीने खोकला तोंडात दाबला. मग तो खोडाला येऊन बिलगला, आणि फटीतल्या चोचीने फळ घेतलं.

मुकादमाने वॉकीटॉकी उचलला. "हे झाड पडणार नाही, साहेब. पायवाट वरून वळवा, खालून कुणाला सोडू नका. आणि पोकळ झाडांचं काम मी थांबवलंय... नाही साहेब, असं नुसतं सांगून नाही पटायचं. या तुम्ही. वर बघायला या."

"हे कापलेलं झाड किती दिवस तग धरेल?" करवतवाल्याने विचारलं.

"पिल्लू उडेपर्यंत धरलं तरी मिळवली."

"दोरावर लक्ष ठेवायला हवं कुणीतरी."

"मग जागे राहा आळीपाळीने," मावशी हलक्या आवाजात म्हणाली. "माझा ट्रॅक्टर काही इथून हलत नाही."