शून्य आमच्या दारात

कारखान्यातून हरवलेली ती वस्तू सापडेपर्यंत माझ्या लेकीला, पिटूला, घराबाहेर काढायचं नाही, हे मी ठरवून टाकलं होतं. नवरा वैतागला, सासरे हसले, पिटूने दारात लोळण घेतली. मी कोणाचंच ऐकलं नाही. लोखंडाचे जोड तपासायला वापरतात ती किरणोत्सारी वस्तू होती. ना दिसते, ना वास येतो. पुढच्या चौकात भिंतीवर चित्र लावलं होतं : पिवळा डबा, त्यावर काळी खूण, खाली 'दिसल्यास हात लावू नका'. मी भाजी आणायला जाताना गटाराच्या कडेला, कचऱ्याच्या ढिगात, सगळीकडे पिवळं काही दिसतंय का ते बघत जायची.

त्यात पिटू आजारी. ताप यायचा, जायचा. खाल्लेलं पोटात ठरत नव्हतं. हिरड्यांतून रक्त आलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, संसर्ग असेल, रक्त तपासू. मला ते पुरलं नाही. तिला घरात ठेवलं त्याच दिवशी मी तिचा पलंग खिडकीशी सरकवला होता, म्हणजे बाहेर न जाताही तिला रस्ता दिसेल, उजेड मिळेल. काच मात्र बंद. वर पडदा.

"तू तिला लोणच्यासारखी बरणीत घालून ठेव," नवरा म्हणाला.

"आणि तू जे शोधायला गाडी घेऊन फिरतोस त्याच्यामुळेच ना ही बरणी?"

"म्हणून तर सांगतोय. अगं, सगळं गाव हिरवंगार आहे. स्क्रीन बघशील तर शेत वाटेल."

शोधाची गाडी तोच चालवायचा. मागे किरण मोजायचं यंत्र, यंत्रापाशी ते मोजणाऱ्या तपासनीस मॅडम. गाडी गल्लीबोळांतून हळूहळू जायची आणि स्क्रीनवरच्या नकाशात रस्ते रंगत जायचे : काही नसेल तिथे हिरवा, शंका असेल तिथे पिवळा, धोका असेल तिथे लाल. किरण थोडेसे सगळीकडेच असतात, दगडात, मातीत, विटांत. ते नेहमीचे किरण रोज सकाळी मोजून वजा करायचे असतात. त्याला ते 'शून्य लावणं' म्हणत. हे मॅडमनीच मला दारात उभ्याने समजावलं होतं. गाडी नवऱ्याच्या ताब्यात, आमच्याच दारात लागायची; मॅडम इथेच येऊन बसायच्या; त्यामुळे शून्यही इथेच लागायचं. लांब मोकळ्या मैदानात जाऊन लावा असा नियम होता म्हणे. पण तेवढ्यासाठी शहराला वळसा कोण घालणार?

यंत्र टिकटिक करायचं. सकाळी आमच्या दारात पत्र्यावर पाऊस पडावा तशी घाईची टिकटिक, आणि गाडी कोपऱ्यावर पोचेपर्यंत नळ ठिबकावा तशी एखादीच. पिटूला तो आवाज फार आवडायचा. पलंगावर पडल्या पडल्या जिभेने टाळूवर तसाच आवाज काढायची.

"सुरुवातीला एवढं का वाजतं रे?" मी एकदा नवऱ्याला विचारलं होतं.

"गरम होतं ना मशीन. थंडीत आपली जुनी स्कूटर कशी खोकायची? तसंच."

मला पटलं. कॉलेजात विज्ञान शिकलेली मी, तरी पटलं. घरचा माणूस सांगतोय म्हटल्यावर कोण शंका घेतं?

सासरे शिंपी. दुकान कधीच बंद केलं, पण हात स्वस्थ बसत नव्हते. उशांचे अभ्रे, पिटूच्या बाहुलीचे झगे, काहीतरी चालूच. हल्ली मात्र सुई धरवत नव्हती. अंगठा आणि दोन बोटांची टोकं लाल होऊन सोलवटली होती.

"इस्त्रीचा चटका," ते म्हणायचे. "म्हातारा झालो, कुठे काय टेकतो कळत नाही."

"बाबा, दाखवा ना डॉक्टरांना."

"शिंप्याने चटका दाखवायला डॉक्टरकडे जायचं? हसतील मला."

त्या दिवशी नवरा डबा विसरला. भर दुपारी गाडी परत आली. मी पिटूला मांडीवर घेऊन खिडकीशी बसले होते, ती निपचित. कोपऱ्यावरून टिकटिक ऐकू आली, विरळ, सावकाश. मग जवळजवळ. मग दाट. गाडी दारात थांबली तेव्हा पत्र्यावर पाऊस पडत होता.

सकाळपासून फिरून आलेलं यंत्र. गरम व्हायचं राहिलंच कुठे होतं?

मी पिटूला उचलून तशीच बाहेर धावले. पायात चप्पल नाही. "मॅडम, शून्य न लावता मोजा. इथे. वजा काही करू नका."

"वहिनी, अहो, फरशीच्या दगडातही थोडं असतं..." त्या हसल्या. मग त्यांनी एक बटण दाबलं आणि त्यांचं हसू तोंडावरच राहिलं. हातात धरायचं छोटं यंत्र घेऊन त्या घरात शिरल्या. स्वयंपाकघराकडे आवाज मंद झाला. पिटूच्या खोलीच्या दारात तो एकसलग किंचाळू लागला. त्या तिथूनच मागे सरल्या.

"पलंगाजवळ काय आहे?" त्यांनी ओरडून विचारलं. "खिडकीत, पडद्यापाशी, काय आहे?"

सासरे आपल्या खोलीतून डोळे चोळत आले. "पडद्याला? वजन घातलंय मी. काच बंद असली तरी फटीतून वारा यायचा, पडदा पोरीच्या तोंडावर उडायचा. फिरायला गेलो तेव्हा रस्त्याच्या कडेला मिळालं. करंगळीच्या पेराएवढं, चकचकीत, आकाराच्या मानाने केवढं जड! म्हटलं, दुमडीत शिवायला झकास." ते सगळ्यांच्या तोंडांकडे बघत राहिले. "पण तुमचा तर पिवळा डबा हरवलाय ना?"

डबा कुठल्या कुठे पडला असेल. त्याच्या आतली खरी वस्तू कशी दिसते, ते भिंतीवर कोणी छापलं नव्हतं.

"केवढं वजा होतंय तो आकडा रोज सकाळी स्क्रीनवर खाली दिसायचा," मॅडम पुटपुटल्या. "मी फक्त रंग बघत होते." नवरा गाडीच्या दाराला धरून उभा होता. दुसऱ्या हातात जेवणाचा डबा कधी आला कोण जाणे.

जाड पोशाखातली माणसं आली आणि लांब चिमट्याने पडदा घेऊन गेली. दोन दिवसांनी मैदानात जाऊन शून्य लावलं आणि सगळं गाव पुन्हा मोजलं. खरंच हिरवंगार निघालं. बाग, बाजार, शाळेपुढचं पटांगण, जिथे जिथे मी तिला जाऊ दिलं नव्हतं, ते सगळं.

पिटू आता हॉस्पिटलात काचेच्या खोलीत आहे. तिच्या रक्तात रोगाशी लढणारं काही उरलेलं नाही. कोणाची साधी शिंकसुद्धा तिला झेपायची नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी विचारलं, "वाचेल ना?" त्यांनी कोणती औषधं चालू आहेत ते सांगितलं. माझंही रक्त घेतलंय. त्याचं काय आलं, हे मी अजून विचारलेलं नाही.

सासरे रोज येतात आणि जिन्यातच बसतात. बोटांना पट्ट्या. वर या म्हटलं तर मान हलवतात. काल नवरा त्यांच्याशेजारी जाऊन बसला. कोणी कोणाला दोष द्यायचा, हा हिशोब त्यांना लागत नसावा. मला लागतो, पण त्याचा उपयोग काय?

तोंडावर मास्क आणि अंगावर हिरवा डगला घालून मला थोडा वेळ आत सोडतात. हात लावायचा नाही. आज तिने डोळे उघडले. केस उशीवर गळून पडलेत, ते तिने चिमटीत धरून पाहिले आणि बाजूला ठेवले. मग म्हणाली, "आई, बाहेर जाऊया?"

मी हो म्हणाले. पहिल्यांदाच हो म्हणाले. तिने चपला कुठे आहेत ते विचारलं.