भिंत कुणाला असते?

"म्हन की गं, ते झाडाचं न् जनावराचं," लेकीच्या खोलीसमोर, रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली, तिच्यासाठी आणलेला डबा सोडत शेषेराव म्हणाला.

दर रविवारी हेच! पुनम नववीत असताना वनस्पतीपेशी आणि प्राणीपेशींतला फरक त्यानं तिच्या तोंडून ऐकला आणि पोरगी डॉक्टर होणार, हे बहाद्दरानं ठरवूनच टाकलं. आता लातुरात नीटच्या क्लासचं तिसरं वर्ष लागलं, तरी रेणापूरहून आला की त्याला तेच ऐकायचं असे.

"दोन्हींत केंद्रक असतं, पेशीपटल असतं, तंतुकणिका असतात," पुनम कंटाळून म्हणाली. "झाडाच्या पेशीला वरून भित्तिका असते. जनावराच्या नसते."

"भित्तिका मंजी?"

"भिंत, आप्पा. टणक."

"मंग जनावर भिंतीबिगर काय करतं?"

"हिंडतं." तिनं त्याची बाही धरली. "आप्पा, मला घरी न्या. खोलीत जीव गुदमरून राहिलाय. न्हाई व्हायचं मला डॉक्टर."

शेषेरावचा हात थांबला. भूकंपात, लहानपणी, तो दिवसभर दगडी भिंतीखाली गाडलेला होता. बहीण त्याच्या शेजारीच दगावली. छावणीतल्या डॉक्टरीणबाईनं त्याचा पाय वाचवला. तेव्हापासून तो पत्र्याच्या घरात राही, स्लॅबखाली पाऊल टाकत नसे. म्हणून तर बापलेकीची भेट अशी रस्त्यावर. ज्यानं गुदमरणं भोगलं त्याला तरी आपलं कळेल, अशी पुनमला आशा होती.

तो उठला. "चल, खोली दाव."

आता सामान बांधायचं! पुनम जवळजवळ पळतच जिना चढली. तिच्यामागून शेषेरावला जिना चढताना पाहून घरमालकीण नागम्माकाकू बघतच राहिल्या.

तिसऱ्या मजल्यावरची खोली, खिडकीला लागून शेजारच्या इमारतीची भिंत. शेषेराव कॉटवर बसला. नजर वर छताला, सदरा घामानं चिंब, दातावर दात आपटत होते.

"आप्पा, उठा! बाहेर चला आधी."

"न्हाई. बसू दे. बघ... बसलो का न्हाई मी? माज्यानं व्हतंय, मंग तुज्यानं का व्हईना? येक साल, माय."

अरे देवा! असा बाप असल्यावर भांडायचं तरी कुणाशी? पुनमला त्याचा भयंकर राग आला आणि तितकीच मायाही आली. त्याच्या ओठांचा रंग उडत चालला होता.

"हाव, राहते," ती म्हणाली. "राहते मी. पन उठा."

त्याला उठवेना. काखेत हात घालून तिनं त्याला उभं केलं, एकेक पायरी खाली उतरवलं, रस्त्यावर उन्हात बसवून पाणी पाजलं. मग ती एकटी वर गेली.