रोहूचं पित्त

कमळाबाईला शिसारी आली होती, आणि आलेली शिसारी गिळून टाकायची सवय त्या बाईला जन्मात नव्हती. तेल नाही, तिखट नाही, चिंच नाही, आणि म्हणे मासा! तोही इडलीच्या भांड्यात, दुधी-गाजराच्या फोडींवर निजवून वाफवायचा. असलं अळणी सोंग शेणवे गावातल्या आपल्या घरात शिजावं, याचीच तिला किळस.

पण नवऱ्याच्या, बाळारामच्या, छातीत कळ येऊन गेल्यापासून डॉक्टरांनी तेल-तिखट तोडलं होतं. तो पेजेशिवाय कशाला तोंड लावेना. पार खंगला होता. म्हणून सून संघरत्ना वाशिंदच्या कारखान्यातून आली की झटपट वाफेवर काहीतरी करायची. आज तिने येताना धरणातले दोन रोहू आणले होते.

मासा साफ करायला मात्र कमळाबाई कुणाला शिवू देत नसे. राखेत घोळून खवलं काढायची आणि पोटातली पित्ताची पिशवी न फोडता अलगद ओढायची, तर तिनेच. पिशवी फुटली की मासा गेला. सगळी आळी तिच्या हाताची तारीफ करायची. संघरत्ना नुसतं म्हणाली, आई, चष्मा लावा, तर हिने तिला फाडून खाल्लं.

भांडं उघडलं. शी! पांढराफटक मासा, तापकऱ्याच्या जिभेसारखा. कमळाबाईने नाकाला पदर लावून ताट नवऱ्यापुढे सरकवलं आणि सुनेला ऐकू जाईल असं म्हणाली, याला मांजर तरी हुंगेल का.

बाळाराम खाली मान घालून खात होता. घासागणिक त्याचा चेहरा आक्रसत होता. सुनेची चांगली जिरली, असं वाटून कमळाबाईने त्याच्या ताटातला एक तुकडा तोंडात टाकला.

कडूजहर. ती तिथल्या तिथे थुंकली. ताटातला दुसरा तुकडा बल्बखाली नेऊन डोळ्यांशी धरला, तेव्हा कुठे माशावरचा हिरवट डाग दिसला. पित्त तिच्याच बोटांखाली फुटलं होतं.

"आजच असं कसं झालं," ती पुटपुटली.

"आज नाय गो," बाळाराम म्हणाला. "लय दिस झाले. कालवणात तिखट-चिंच असायची, खपून जायचं."

"मंग बोललात का नाय?"

"तुला वाईट वाटलं असतं."

तिने त्याच्यापुढचं ताट ओढलं आणि परसात नेऊन ओतलं. मांजर आलं, हुंगलं, निघून गेलं.

कमळाबाई आत आली. विळी धुऊन तिने सुनेपुढे ठेवली, शेजारी साफ करायचा राहिलेला दुसरा रोहू.

"तू कर," ती म्हणाली. "मला आता दिसत नाय."