विसाव्याचा दगड

"आजी, फुंकू नका! ओढा! आत ओढा!"

फुलाबाईंनी नळी तोंडातून काढली आणि मीच खुळी असल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. "फुकल्याबिगर कुटं जाळ व्हतोय व्हय गं?"

श्वास आत ओढून तीन चेंडू वर उचलायचं ते यंत्र आमच्या दवाखान्यात सगळ्यांनाच आधी चकवतं. पण जन्मभर चूल फुंकलेल्या या बाईपुढे कुणाचं काय चालणार? मी नलिनी, इथली फिजिओथेरपिस्ट. कोविडनं पोखरलेल्या फुप्फुसांना पुन्हा कामाला लावायचं, हे माझं काम. माझा आवाज मोठा आहे, हे मला कुणी सांगायला नको.

फुलाबाई आणि त्यांचे मालक एकाच अँब्युलन्समधून पुण्याला गेले होते. परत एकट्या फुलाबाई आल्या. मालकांना तिकडेच परस्पर जाळलं, तोंडसुद्धा पाहू दिलं नाही. भरती होताना त्यांनी बायकोच्या हाती दिलेलं लाल मुंडासं तेवढं उरलं. ते फुलाबाईंच्या उशाखाली असायचं.

मुलगा हनुमंत डोंगराखालच्या नेरे गावात खोली घेऊन राहायचा. "आये, तो डोंगर आता तुला झेपायचा न्हाई. वाडीवरचं घर बंद करू, चल माझ्याकडं."

मोठे डॉक्टरही तेच म्हणाले. जायचंच तर डोलीतून जा, म्हणाले.

"डोलीत बसवा त्या डाक्तरला!" फुलाबाई कडाडल्या. "म्या माझ्या पायानं जानार. न्हाई चढले, तर खुशाल घाल कुलूप."

हनुमंतनं तो शब्द धरून ठेवला. मग मीही इरेला पेटले.

"आजी, फुंकायचीच हौस आहे ना? मग चढताना ओठ आवळून सावकाश फुंका, निखाऱ्यावर फुंकता तसं. धाप लागली की काठीवर वाकून उभ्या राहा."

हे मात्र त्यांना एका झटक्यात जमलं. चेंडूही शेवटी वर गेले, मला शिव्या देत देत.

पाऊस संपून वाट वाळली तेव्हा आम्ही तिघं निघालो. मी आधी एकदा ती वाट पाहून आले होते. निम्म्या चढावर गुडघाभर उंचीचा एक सपाट दगड होता. बसायला इतका सोयीचा की विश्रांतीसाठी मी तोच मनाशी ठरवून टाकला होता.

"बसा आजी."

"न्हाई."

बोटाला लावलेला ऑक्सिमीटर कोकलत होता. ओठ काळपट पडले होते. "बसा म्हणते ना! नाहीतर आत्ता डोली बोलावते!"

"म्याडम," हनुमंत हळूच म्हणाला, "वाडीवरनं मयत खाली न्हेताना तिरडी हितं टेकवत्यात. जितं मानूस हितं बसत न्हाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जगवायला निघालेली मी, त्यांना बसवत कुठं होते!

फुलाबाई काठीवर वाकल्या. ओठ आवळून फुंकू लागल्या. आकडा काही केल्या हलेना. मी देवाचं नाव घेत होते आणि त्याच्यावर चिडतही होते. शेवटी आकडा हळूहळू वर सरकला. ऑक्सिमीटर गप्प झाला.

धाप बसल्यावर फुलाबाईंनी पदराखालचं मुंडासं काढलं आणि दोन्ही हातांनी दगडावर ठेवलं.

"टेका घटकाभर," त्या मुंडाशाला म्हणाल्या. "तुमचा इसावा ऱ्हायला व्हता."

हनुमंत तिथंच ढसाढसा रडला. फुलाबाईंनी त्याला रडू दिलं. मग म्हणाल्या, "घे खांद्यावर. घरी न्यायचं."

"आये, हितनं माघारी घरी न्हाई न्हेत कुनी. रीत न्हाई."

"आन त्येन्ला तितं जाळलं, तवा कुनी रीत इचारली व्हती?"

हनुमंतनं मुंडासं खांद्यावर घेतलं. फुलाबाई पुढे झाल्या. मागून चालताना मला त्यांची फुंकर ऐकू येत होती.

वाडीवर पोचल्यावर त्यांनी हनुमंतला घराचं कुलूप उघडायला लावलं आणि मुंडासं दारामागच्या खुंटीला अडकवलं. मग अंगणात मांडी घालून बसल्या आणि माझ्यापुढे बोट धरलं.

"हं. मोज आता."