पाटाची बायको

रतिलालला आईची आठवण पोळ्याला आणि दिवाळीला यायची. धाकटा भाऊ अमृत जिनिंगच्या यंत्रात सापडून गेला, तेव्हापासून मात्र तो दर आठवड्याला धुळ्याहून शिरपूरला येऊन सुगंधाबाईचे पाय चेपू लागला होता. एवढी माया तिच्या गुडघ्यांना सोसवेना.

"आई, नव्या कायद्यात कामगाराच्या आईलाही भरपाई मिळते," तो म्हणाला. शहरात राहून त्याची भाषा तेवढी शुद्ध झाली होती. "सुलक्षणाचं हे दुसरं लग्न, अमृतशी नुसता पाट लागला होता. ना पत्रिका, ना दाखला. ती त्याची बायको नाही असं या कागदावर लिहिलंय, तू फक्त अंगठा दे. सगळं तुलाच मिळेल. तुझ्या वतीने मी सांभाळेन."

चुलीपुढे बसलेल्या सुलक्षणाने मान खाली घातली. सुगंधाबाईला मात्र तो पाट चांगला आठवत होता. नवा फेटा बांधून हाच रतिलाल पुढे बसला होता, उपरण्याची गाठही यानेच मारली होती. तेव्हा याला पाट कमी वाटला नव्हता, पुरणपोळीवरचं तूप कमी वाटलं होतं.

तिने कागद फाडून चुलीत टाकला.

"काल मी सुलक्षणाले लिसन भरपाईना हापिसमा जाई उनू. पाटनी गाठ कोन्ही मारी, साहेबनी इचारं. मी साक्षीदार म्हनीसन तुन्हं नाव सांगं. रतिलाल, ती मन्ही सून शेच. तू मन्हा पोऱ्या शे का नही, ते तू साक्ष देशी मंग मी सांगसू."